माशा मारायला

रिकामं बसलेल्या माणसाला मराठीत ‘माशा मारतोय’ म्हणतात. मी सुट्टीत जे करते त्याला याहून नेमका शब्दप्रयोग मला सापडलेला नाही. फरक इतकाच की माझी माशी दोन पिसांची, बोटभर रेशमाची आणि एका बारीक गळाची असते, आणि ती मारायची नसते, वाहत्या पाण्यावर सोडायची असते. फ्लाय फिशिंग म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी सांगते, माशी दाखवून मासा धरायचा. समोरचा हसतो, कारण मासा आणि माशी ही आपल्या कानांना नवरा-बायकोची जोडी वाटते. तशी ती नाही. एक मत्स्य, दुसरी मक्षिका. दोन निराळ्या घरचे शब्द झिजत झिजत शेजारी येऊन बसलेत. ओढ्यावर मात्र त्यांचा संबंध अगदी पोटातला आहे.

मी मूळची चालणारी. पाणी हा माझा विषयच नव्हता. १८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने डोंगरात लागणाऱ्या वेळाचा एक आडाखा मांडला होता: नकाशावरच्या दर ३ मैलांना एक तास, आणि दर २००० फूट चढाईला वर आणखी एक तास. हा आडाखा मी कित्येक वर्षं सावकाराच्या वहीसारखा वापरला. निघायची वेळ, पोचायची वेळ, मधला चढ. संध्याकाळी हिशेब जुळला की दिवस सार्थकी. वाटेत ओढा आला तर तो कुठून ओलांडायचा आणि बूट काढायचे की नाही, एवढाच विचार. त्या काळात किती ओढे ओलांडले असतील! त्यातल्या एकाचंही पाणी आज डोळ्यांसमोर येत नाही.

मग एका ओढ्यावर एक वयस्क गृहस्थ बसलेले दिसले. शेजारी गवतात लांब, बारीक काठी आडवी ठेवलेली. हात मांडीवर.

“काही लागलं का?” मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

“अजून दोरी भिजवलेली नाही.”

“मग?”

“बघतोय. वेळ असेल तर बसा. फक्त तुमची सावली पाण्यावर पडू देऊ नका.”

वेळ नव्हता. नेस्मिथच्या हिशेबाने मी आधीच वीस मिनिटं मागे होते. तरी बसले, बहुधा पाय दुखत होते म्हणून. दहा मिनिटं मला फक्त चकाकणारं पाणी दिसलं. मग त्यांनी हनुवटीने एक जागा दाखवली आणि म्हणाले, “मासा शोधू नका, तळावर सावली शोधा.” एका मोठ्या गोट्याच्या खालच्या अंगाला तळाच्या वाळूवर एक काळपट पट्टी हलत होती. ती पकडून नजर वर आणली तेव्हा ट्राउट दिसला. पाण्याच्याच रंगाचा, अंगावर ठिपके, आणि जागच्या जागी. इतक्या खळाळात जागच्या जागी राहायचं तर सतत पोहत राहावं लागत असणार, हे मला तेव्हा सुचलं नाही. तो मला थांबलेला वाटला.

त्या दिवशी मी मुक्कामी अंधार पडल्यावर पोचले.

ओढा वाचायला शिकण्याला मला दोन पावसाळे आणि तीन उन्हाळे लागले, आणि अजून मी अडखळत वाचते. मूळ गोष्ट सोपी आहे. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, कारण खाणं वरून वाहत येतं. पण वेगवान धारेत उभं राहायला जितकी शक्ती जाईल तितकी खाण्यातून परत मिळाली पाहिजे. म्हणून तो धारेत न राहता धारेच्या कडेला राहतो. जिथे वेगवान पाणी संथ पाण्याला घासून जातं, तिथे एक शिवण दिसते. फेसाचे बुडबुडे त्या शिवणीवरून ओळीने जातात. मासा शिवणीच्या संथ बाजूला, तोंड वेगवान बाजूला. जसं कुणी रस्त्याला लागून खुर्ची टाकून बसावं. यात आळस नाही, हिशेब आहे, आणि तो माझ्या त्या जुन्या वहीतल्यापेक्षा जास्त काटेकोर आहे.

मासा वरच्या दिशेला पाहत असल्यामुळे त्याच्याकडे जायचं ते खालून. म्हणजे ओढ्याच्या उलट, उगमाच्या दिशेने चालत. आणि वाकून. पाण्यातून वर पाहताना प्रकाश वाकतो, त्यामुळे माशाला बाहेरचं सगळं जग साधारण ९७ अंशांच्या एका शंकूतून, डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. मासा फूटभर खोल असेल तर ती खिडकी जेमतेम सव्वादोन फूट रुंद. खिडकीबाहेर आरसा, ज्यात त्याला ओढ्याचा तळच उलटा दिसतो. काठावरचं झाड, डोंगर, मी, असे सगळे त्या खिडकीच्या कडेला चेपून बसलेले. जितकं वाकावं तितकी मी त्या कडेला चपटी होत जाते. माशाच्या लेखी नाहीशी होण्यासाठी मी गुडघ्यांची सालं काढून घेतली आहेत. डोळे चुकवले तरी पावलांचे हादरे असतातच. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी जी रेघ असते तिला पाण्यातली थरथर कळते. काठावर दाणकन पाय आपटला की पुढचा अर्धा तास त्या डोहात कुणी राहत नाही.

हे सगळं पाळलं की चालायचा वेग किती होतो? एका सकाळी मोजला. चार तासांत पाऊण मैल. नेस्मिथनी हात टेकले असते.

पण खरी गंमत दगडाखाली आहे. त्या गृहस्थांनी पहिल्या दिवशी काठी हातात दिलीच नाही. घोटाभर पाण्यातला एक गोटा उचलून उलटा केला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मला वाटलं, शेवाळ दाखवताहेत. मग शेवाळ चालायला लागलं. चपट्या अंगाचे, कडेला पिसांसारखे कल्ले फडफडवणारे, मागे तीन शेपट्या असलेले जीव दगडाला चिकटून पळत होते. ते मेफ्लाय नावाच्या माशीचे निम्फ, म्हणजे पंख फुटण्याआधीची पिल्लं. शेजारी वाळूच्या कणांची एक बारीक नळी होती, जणू कुणी चिमटीत खडे धरून गवंडीकाम केलंय. ते कॅडिस नावाच्या किड्याच्या अळीचं घर. स्वतःच्या तोंडातल्या रेशमाने ती एकेक खडा जोडते. मी ज्यांच्यावर पाय देऊन वर्षानुवर्षं ओढे ओलांडत आले होते ती ही वस्ती.

मेफ्लायचं आयुष्य ऐकलं की ते कुणीतरी रचून सांगितल्यासारखं वाटतं. बहुतेक जातींत काही महिने, काहींत वर्ष-दोन वर्षं पाण्याखाली. मग एका संध्याकाळी निम्फ वर येतो, पाण्याच्या पृष्ठावर कात फाडतो आणि पंख उभे करून तरंगत जातो, छोट्या होडीसारखा. हे पंख मळकट, धुरकट असतात. ही माशी काठावरच्या झुडपात जाऊन बसते आणि पुन्हा एकदा कात टाकते. पंख फुटल्यावर, उडता यायला लागल्यावर पुन्हा कात टाकणारा दुसरा कीटक आज पृथ्वीवर नाही. दुसऱ्या कातीतून निघते ती काचेसारख्या पंखांची माशी. तिला खाण्याजोगं तोंड नसतं. खायचं काम पाण्याखाली संपलेलं असतं. राहिलेला वेळ, काही तास, फार तर दिवस-दोन दिवस, नाचण्यात, जुळण्यात आणि पाण्यावर अंडी टाकण्यात जातो. उत्तर अमेरिकेतल्या एका जातीची मादी, डोलानिया अमेरिकाना, कात टाकल्यावर पाच मिनिटंसुद्धा जगत नाही. या गणाचं शास्त्रीय नाव एफेमेरॉप्टेरा. ग्रीकमध्ये ‘एफेमेरॉस’ म्हणजे एका दिवसाचा. ग्रीकांनी तसा उदार हातानेच वेळ दिला म्हणायचा.

आता मासा यातलं काय खातो? सगळं. पण एका वेळी सगळं नाही. वरून हजारोंनी मळकट पंखांच्या माश्या वाहत असतील तर तो तेवढ्याच टिपत राहतो आणि काचपंखी माशी नाकावरून गेली तरी ढुंकून पाहत नाही. कधी पृष्ठाच्या बोटभर खाली अडकलेले, कात अर्धी फाटलेले जीवच फक्त खातो. त्याला फसवायचं तर आज, या वेळी, या वळणावर खरं काय चाललंय ते माहीत असायला हवं. मला या खेळात सर्वांत विचित्र वाटणारी गोष्ट हीच. मी जाते ती खोटं बोलायला. माझ्या डबीत सत्तर-ऐंशी खोट्या गोष्टी कापसात रोवलेल्या असतात. पण त्यातली एक पाण्यावर टाकण्याआधी मला ओढ्याचं इतकं खरं खरं ऐकून घ्यावं लागतं की माणसांशी खरं बोलतानाही मी तेवढं कधी ऐकलेलं नाही.

ही युक्ती जुनी आहे. इसवी सन २०० च्या आसपास ईलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसेडोनियातल्या ॲस्ट्रेयस नदीवरच्या कोळ्यांचं वर्णन लिहून ठेवलंय. तिथले ठिपकेदार मासे पाण्यावर उडणारी एक माशी खातात. पण कोळी ती माशी आमिष म्हणून वापरत नाहीत, कारण माणसाचा हात लागला की तिचा रंग उडतो आणि पंख चुरगळतात. म्हणून ते गळाला लाल लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याची दोन पिसं बांधतात. काठी सहा फुटांची, दोरीही तेवढीच. म्हणजे खोटी माशी कुणाच्या हौसेतून आली नाही. खरी माशी हाताळली की ती माशी उरत नाही, एवढ्या साध्या अडचणीतून ती आली.

दोरी फेकण्याबद्दल फार लिहीत नाही. ते वाचून येत नाही. साध्या गळाला शिशाचं वजन असतं आणि ते दोरीला ओढून नेतं. इथे माशीला वजनच नाही, म्हणून वजन दोरीलाच दिलेलं असतं. मी वापरते त्या पाच नंबरच्या दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम. ती आधी पाठीमागे फेकायची, मागे सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढे. सगळा खेळ त्या मागच्या थांबण्यात आहे, आणि ते दिसत नसल्यामुळे कुणीच थांबत नाही. “होऊ द्या तिला सरळ,” ते गृहस्थ म्हणायचे, “तुम्हाला घाई असेल, तिला नाही.” मी घाई केली. माझ्या माशा बाभळीसारख्या काटेरी झुडपांना लागल्या, माझ्याच टोपीला लागल्या, एकदा डाव्या कानाच्या पाळीला लागली. त्या वेळी गळाला अडा, म्हणजे टोकाशी असणारा उलटा काटा, नव्हता म्हणून दोन थेंबांवर निभावलं. गळाला लागणं या वाक्प्रचाराचा अर्थ मी कानाने शिकले आहे.

आणि मग एक दिवस मासा लागला.

त्याचं वर्णन करताना सगळे जण उड्या आणि झुंज सांगतात. मला आठवतं ते वेगळं. शिवणीवरून माशी निघाली होती, पाण्याच्याच वेगाने, ना पुढे ना मागे. हे क्वचित साधतं, कारण मधली दोरी धारेत सापडून माशीला फरफटवते. मग पाण्यातून एक नाक वर आलं. घाई नाही, उसळी नाही. अगदी सावकाश, विश्वासाने. मी काठी उचलली आणि त्या विश्वासाचं पुढे काय झालं ते माझ्या मनगटाला कळलं.

हात ओले करून त्याला धरलं. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग जखमेतून रोग शिरतात, हे शिकवलेलं होतं. गळ काढला, तोंड प्रवाहाकडे करून पाण्यातच धरून ठेवला. एक क्षण तो तसाच माझ्या बोटांवर टेकून राहिला आणि मग तिथे नव्हता. मी आनंदाने थरथरत होते. हे कबूल करते, कारण पुढचं लिहायचं तर हे लपवून चालणार नाही.

२००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. माशांच्या ओठांत मधमाशीचं विष किंवा ॲसेटिक ॲसिड टोचलं. मासे तळावर अंग डोलवत राहिले, आम्ल टोचलेले ओठ खड्यांवर घासत राहिले, खाण्याकडे लवकर वळेनात. त्यांच्या डोक्यावर इजा ओळखणारे चेतातंतू सापडले. यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. माशाच्या मेंदूत आपल्यासारखं बाह्यक, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, नाही, म्हणून ती फक्त प्रतिक्रिया, वेदना नव्हे, असं काही जण म्हणतात. मी तो वाद जमेल तेवढा वाचला. मला सोयीची बाजू अर्थातच आवडली. पण ओठ खड्यांवर घासणारा मासा डोळ्यांपुढून हलत नाही. आणि ‘मी सोडून देते ना!’ हे उत्तर जरा तपासून पाहिलं तर आणखीच अडचणीचं निघतं. पोटासाठी धरणाऱ्याकडे निदान भूक आहे. माझ्याकडे काय आहे? आपल्या भाषेने हा शब्द घडवतानाच त्यात ‘मारी’ घालून ठेवलं आहे. मासेमारी. धरून सोडण्याला शब्दच नाही. असा उद्योग कुणी करील हे तिला सुचलंच नसावं.

उन्हाळ्यात तर सोडून देणंही पुरेसं नसतं. १० अंश सेल्सियसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशांना ९. पाणी तापत जातं तशी माशाची गरज वाढते आणि साठा घटतो. अशा वेळी दमवून सोडलेला ट्राउट आपल्यासमोर पोहत जातो आणि आपल्यामागे मरतो. पाणी २० च्या जवळ गेलं की मी काठी बांधून ठेवते. खिशात एक तापमापक असतो. त्याने माझे बरेच दिवस वाया घालवले आहेत, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

‘रान’, ‘अस्पर्श निसर्ग’ हे शब्दही मी आता जपून वापरते. १८६४ च्या जानेवारीत इंग्लंडहून ‘नॉरफोक’ नावाचं जहाज निघालं. बर्फात, ओल्या शेवाळात गुंडाळलेली माशांची अंडी घेऊन ते एप्रिलमध्ये मेलबर्नला पोचलं आणि अंडी तिथून टास्मानियात गेली. मुख्य माल होता सामन मासा. ट्राउटची थोडी अंडी सोबत घातली होती, वरकड. सामन वाढले, समुद्रात गेले आणि परत आलेच नाहीत. वरकड आलेले ट्राउट रुजले, आणि तीन वर्षांनी तिथूनच न्यूझीलंडला गेले. तिथल्या ओढ्यांतले मूळचे छोटे मासे त्यांनी ठिकठिकाणी संपवत आणले. आज त्या ओढ्यावर उभी राहून मी ‘काय हा आदिम एकांत’ म्हणाले असते, आणि समोर पोहणारा मासा माझ्यासारखाच पाहुणा असता. बुटांचंही तेच. निसरड्या गोट्यांवर पाय ठरावा म्हणून तळाला जाड नमदा लावलेले बूट आम्ही वापरायचो. नमदा ओला राहतो, आणि त्यातून डिडिमो नावाचं सूक्ष्म शैवाल एका नदीतून दुसरीत जाऊ शकतं. न्यूझीलंडमध्ये ते २००४ साली सापडलं आणि २००८ साली तिथे नमद्याच्या तळव्यांवर बंदी आली. हलक्या पावलांनी चालते असं मी ज्याला म्हणत होते त्या पावलांखाली हे होतं.

तर अलीकडे मी एक करते. दरवेळी नाही. पक्कड घेऊन माशीच्या गळाचा बाक तोडून टाकते. मग माशी फक्त पिसं आणि सरळ तार उरते. बाकी सगळं तेच: दगड उलटणं, गुडघ्यावर सरकणं, मागे थांबणं. मासा येतो, नाक वर काढतो, घेतो. दोरीला एक टिचकी लागते. आणि तो थुंकून टाकतो. एवढंच. ते गृहस्थ हे ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे तुम्ही नुसतं त्याला विचारताय, बरोबर ओळखलं का म्हणून.” ते स्वतः गळ तोडत नाहीत. मीही खूपदा तोडत नाही. हातात मासा धरण्याची ओढ गेलेली नाही, आणि ती गेली असं लिहिलं तर या लेखातली तीच खोटी माशी ठरेल.

मध्यंतरी एका संध्याकाळी असाच तोडका गळ लावून बसले होते. दिवसभरात दोन टिचक्या. ऊन डोंगरामागे गेलं आणि पाण्यावर माश्या निघायला लागल्या, आधी एकदोन, मग मोजता येईनात. खालच्या डोहात मासे वर येऊ लागले. वर्तुळं एकमेकांत मिसळत होती. मी डबी उघडली, माशी निवडायला मान खाली घातली, तर एक मळकट पंखांची माशी उडत येऊन माझ्या उजव्या बाहीवर बसली. झुडूप समजून बसली असेल. काही जातींना दुसरी कात टाकायला थोडाच वेळ लागतो, पण तो किती, हे मला ठाऊक नव्हतं. उजवा हात हलवला तर ती उडेल, आणि काठी उजव्याच हातात.

डोह उकळत होता. मी हात तसाच धरून बसले. माश्या वाहून जात राहिल्या, मासे खात राहिले. हाताला आधी मुंग्या आल्या, मग तो माझा वाटेनासा झाला. उजेड इतका कमी झाला की बाहीवर ती आहे की नाही हे पाहायला मला नाक जवळ न्यावं लागलं. तिच्या पाठीवर एक रेघ उकलली होती.